लग्न झाले, पुढे काय?

माणसाने घर बांधून पाहावे आणि लग्न करून पाहावे, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी घरोघर टीव्ही नव्हता. असता तर त्यांनी तिसरीही गोष्ट सांगितली असती. गाजलेल्या विनोदी चित्रपटाची मालिका करून पाहावी.

मी तिन्ही केले आहे. लग्न कसे पार पडले ते माझ्या सासऱ्यांना ठाऊक. घर बांधले नाही, पण २०२० सालच्या ३ जूनला 'निसर्ग' नावाचे वादळ आमच्या किनाऱ्यावर आले आणि नागावच्या आमच्या जुन्या घराची निम्मी कौले शेजारच्या वाडीत नेऊन टाकून गेले. कौले पुन्हा चढवणे हे घर बांधण्याहून कमी नसते, हे ज्यांनी त्या वर्षी वासे मोजले त्यांना मी सांगायला नको. आणि तिसरी गोष्ट त्या कौलांच्या पायीच करावी लागली.

त्याचे असे झाले. मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवले. शिकवताना मुलांना हसवण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतर सुटेना. म्हणून एकांकिका लिहिल्या, आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या, एकदोन मालिकांचे संवादही लिहून दिले. तेवढ्या भांडवलावर वादळानंतरच्या वर्षी एके दिवशी एका वाहिनीचा तरुण अधिकारी आमच्या दारी उतरला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत मोटार घालून मांडव्याला आला आणि तिथून सरळ आमच्या अंगणात. मुलगा मोठा गोड. आमच्या हिने केलेली आंबोळी त्याने तीनदा मागून घेतली आणि मग कामाला हात घातला.

"सर, पिक्चर सुपरहिट आहे. कॅरेक्टर्स तयार आहेत, स्टोरी तयार आहे. लोकांना सगळं माहीत आहे. सव्वीस एपिसोड करायचेत. तुम्हाला फक्त ताणायचं आहे."

फक्त ताणायचे! मी छपराकडे पाहिले. दोन वाशांमधून निळे आकाश माझ्याकडे पाहत होते. मी होकार दिला.

त्या चित्रपटाचे नाव मी सांगत नाही. आपणांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल आणि पोट धरून हसलाही असाल. एक तरुण अडचणीत सापडून एक थाप मारतो. ती झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. शेवटी एका कार्यालयात सगळी पात्रे एकाच वेळी येऊन एकमेकांवर आदळतात, थापेचा फुगा फुटतो, नायिका पाच मिनिटे रुसते, मग हसते, अंतरपाट दूर होतो आणि दिवे लागतात. लोक डोळे पुसत बाहेर पडतात.

मी वही घेऊन झोपाळ्यावर बसलो आणि पहिल्याच दिवशी त्रैराशिक मांडले. चित्रपट अडीच तासांचा, म्हणजे दीडशे मिनिटे. त्यातली पंचवीस मिनिटे गाण्यांची, पंधरा मिनिटे धावपळीची. त्या धावपळीत एक मोटार तळ्यात पडते. मालिकेच्या अंदाजपत्रकात तळेही बसत नव्हते आणि मोटारही. उरली एकशे दहा मिनिटे. आता मालिकेचा भाग अर्ध्या तासाचा. जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांचा. बावीस गुणिले सव्वीस, पाचशे बाहत्तर. म्हणजे मूळ ऐवजाच्या पाचपट. घरात चार माणसांची आमटी असावी आणि वीस पाहुणे यावेत, तेव्हा गृहिणी काय करते ते मला माहीत होते. तेच करावे लागणार हेही दिसत होते.

पण खरी अडचण पाण्याची नव्हती. चौथ्या भागाच्या शेवटी माझी गोष्टच संपली. सगळी माणसे कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली आणि आता फुगा फुटल्यावाचून गत्यंतर नाही अशी वेळ आली. फुगा फोडावा तर मालिका संपली. न फोडावा तर आणखी बावीस आठवडे त्या माणसांनी करायचे काय? मी फुगा वाचवण्याच्या युक्त्या शोधू लागलो. ऐन वेळी दिवे घालवले. फोन आणवला. घरमालकिणीला चक्कर आणली. सातव्या भागात पुन्हा चक्कर आणली. नवव्या भागात ती तिसऱ्यांदा पडली, तेव्हा तिची प्रकृती मलाच चिंताजनक वाटू लागली.

त्या संध्याकाळी मी लिहिलेले मोठ्याने वाचत होतो. आमची ही माजघरात लसूण सोलत होती. तिने तिथूनच विचारले, "एवढे महिने एका घरात राहून त्या बाईला काही कळत नाही? तुम्ही शाळेत असताना विडी ओढून यायचात, तर मला अंगणातच कळायचं."

पस्तीस वर्षांनी कळले की तिला कळत होते! तो धक्का पचवून मी विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की तिने माझ्या मालिकेचे दुखणे एका वाक्यात सांगितले होते. चित्रपटात ती घरमालकीण भोळी आणि गोड वाटते, कारण आपण तिला अडीच तासच भेटतो. तीच बाई सहा महिने दर आठवड्याला फसत राहिली की ती भोळी राहत नाही, मठ्ठ होते. आणि नायक? अडीच तासांचा खट्याळपणा सहा महिने चालला की त्याला शुद्ध मराठीत फसवणूक म्हणतात. मी एक शब्दही बदलला नव्हता, फक्त ताणले होते. आणि ताणता ताणता एका हसऱ्या घराचे लबाडांचे आणि मूर्खांचे घर झाले होते.

शिवाय आणखी एक. चित्रपटगृहात अंधार असतो, पाचशे माणसे असतात, आणि हसू पडशासारखे संसर्गजन्य असते. पुढच्या रांगेतला जाडा गृहस्थ खुर्ची हलवत हसू लागला की मागचे वीस जण विनोद न कळताही हसतात. घरी कोण असते? दोन माणसे. त्यांतले एक वर्तमानपत्र वाचत असते, दुसरे आत-बाहेर करीत असते. कुकरची शिट्टी होते, दारावर कोळीण येते. पडद्यावर मोटार तळ्यात पडली तरी माजघरातल्या माणसाला ती दिसत नाही. चित्रपटाचा विनोद डोळ्यांना बांधलेला असतो. घरातल्या विनोदाला कानांवर जगावे लागते.

हा 'कान' शब्द वहीत लिहिला आणि माझा हात थांबला. मला एकदम नाना आठवले. माझे वडील. टीव्हीकडे पाठ करून बसलेले.

ही गोष्ट १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातली. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते आणि समुद्रावरून वारा जसा आमच्याकडे येतो तशी मुंबईची चित्रेही येऊ लागली होती. आमच्या आळीत एकच संच, तोही समोरच्या काकांकडे. त्याचे रीतसर लायसन काढलेले. छपरावरची अँटेना मुंबईकडे तोंड करून उभी. तिच्यावर कावळा बसला की बातम्या देणारी बाई तिरकी व्हायची आणि पावसाळ्यात तिच्या तोंडावर मुंग्या चालायच्या. मग एक मुलगा छपरावर, एक अंगणात, एक संचापाशी. "आली का?" "नाही!" "आता?" "आली, आली, आता हलू नको!" तो बिचारा छपरावर पुतळा होऊन बसायचा आणि आम्ही आत कार्यक्रम पाहायचो.

त्या संचावर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' सुरू झाले. आळीत आनंदीआनंद झाला. काकांची ओटी भरली, पडवी भरली, खिडकीच्या गजांना मुले लोंबकळू लागली. फक्त नाना गेले नाहीत.

"कोण आहे त्यात?" त्यांनी मला विचारले.

"नवे नट आहेत, नाना. दिलीप प्रभावळकर चिमणराव झालेत आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ."

"चिमणराव दामूअण्णा मालवणकर," नाना म्हणाले आणि सुपाऱ्या निवडू लागले. जणू मी त्यांना सांगायला आलो होतो की उद्यापासून समुद्र पूर्वेला.

नानांचा हा हट्ट नुसता म्हातारपणाचा नव्हता. तो समजून घ्यायचा तर थोडे मागे जायला हवे. चिमणराव मुळात कागदावर जन्मले. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याला पालीचे प्राध्यापक. बुद्धवचनांचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने पुण्याच्या एका भित्र्या, सज्जन, फजीत होणाऱ्या कारकुनाला आणि त्याच्या दांडग्या मावसभावाला जन्म दिला. गोष्टी घरोघर वाचल्या गेल्या. मग १९४० साली मास्टर विनायकांनी 'लग्न पाहावे करून' हा चित्रपट काढला. त्यात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामूअण्णांच्या त्या तिरळ्या डोळ्यांनी महाराष्ट्राला वेड लावले. ते नुसते पाहू लागले, म्हणजे कुठे पाहत आहेत हे कळेपर्यंत, लोक हसत असत. १९४२ साली 'सरकारी पाहुणे' आला. या दोन चित्रपटांनंतर चिमणरावांना चेहरा मिळाला, आणि तो पुसणे कोणाच्याही हाती राहिले नाही.

माझ्या आईवडिलांचे लग्न १९४४ सालचे. त्याच वर्षी अलिबागेत तंबूतला सिनेमा आला होता आणि 'लग्न पाहावे करून' लागला होता. नव्या नवरीला घेऊन नाना बैलगाडीने नागावहून अलिबागेस गेले. घरातून परवानगी देवदर्शनाची होती. आई सांगायची, "मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. इतका गंभीर माणूस हसतो कसा, ते मला बघायचं होतं." परतताना गाडीच्या कंदिलातले तेल संपले आणि अंधारात नानांनी दामूअण्णांची नक्कल करून दाखवली. अंधारात डोळ्यांची नक्कल! आई ती गोष्ट सांगताना इतकी हसायची की पुढचे कधी सांगून होत नसे.

१९७६च्या पावसाळ्यात आई गेली. नाना बोलेनासे झाले. तसे ते आधीही फार बोलत नसत, पण आईशी त्यांचे एक भांडण बत्तीस वर्षे अखंड चालले होते. पाडा झाला की नाना नारळ मोजायचे. "एकशे अकरा." आई पुन्हा मोजायची. "एकशे बारा." नाना पुन्हा मोजायचे, "एकशे अकरा." एक नारळ कुठे जायचा ते कधीच कळले नाही. आम्हा भावंडांना पुढे कळले की आई एक नारळ आधीच घरात नेऊन खोवून टाकत असे आणि नानांना ते ठाऊक असे. तरी दर पाड्याला भांडण व्हायचे, त्याच शब्दांत, त्याच सुरात. आई गेल्यानंतरच्या पहिल्या पाड्याला नानांनी नारळ मोजले, "एकशे चार" म्हणाले आणि थांबून राहिले. कोणी काही म्हणाले नाही. त्यानंतर त्यांनी नारळ मोजायचे सोडले.

अशा माणसाला मी काकांच्या ओटीवर ओढून नेत होतो. शेवटी एके दिवशी, काकांना वाईट वाटू नये म्हणून, ते आले. पण आत बसले नाहीत. पडवीच्या कठड्यावर टीव्हीकडे पाठ करून, अंगणाकडे तोंड करून बसले. आत चिमणराव आणि त्यांची काऊ यांचे काहीतरी घरगुती चालले होते. नेमके काय, ते आज मला आठवत नाही; कारण माझे लक्ष पडद्याकडे नव्हते. आईने १९४४ साली जे केले तेच मी करीत होतो. मी नानांच्या पाठीकडे पाहत होतो.

आणि ती पाठ हलली. आधी खांदे, मग मान. नाना हसत होते. आवाज न करता, अंगणातल्या अंधाराकडे तोंड करून. आई गेल्याला दीडएक वर्ष झाले होते.

घरी परतताना मी बॅटरी धरून पुढे चाललो होतो. मागून नाना म्हणाले, "दामूअण्णा ते दामूअण्णाच."

"हो, नाना."

चार पावले गेल्यावर ते म्हणाले, "त्या सिनेमात लग्नाची धांदल होती. ती एकदाच असते. हे रोजचं आहे."

फाटकापाशी आल्यावर त्यांनी विचारले, "पुन्हा कधी असतं हे?"

त्यानंतर त्यांनी एकही भाग चुकवला नाही. पण शेवटपर्यंत पडद्याकडे तोंड मात्र केले नाही. दामूअण्णांचे डोळे त्यांनी डोळ्यांपुरते राखून ठेवले आणि नव्या चिमणरावांना कान दिले. मला वाटते, हा मोठा न्यायी तोडगा होता.

हे सगळे मला चाळीसएक वर्षांनी, त्याच घरात, त्याच झोपाळ्यावर, चक्कर आलेल्या घरमालकिणीच्या तावडीत सापडलो असताना आठवले. आणि नाना माझ्या व्यवसायातले काहीतरी मला आधीच शिकवून गेले होते हे कळले. दूरदर्शनच्या मंडळींनी चित्रपट ताणला नव्हता. ते चित्रपटाच्या मागे, चिं. वि. जोश्यांच्या गोष्टींकडे गेले होते. तिथे चिमणराव होते, काऊ होती, मोरू, राघू आणि मैना ही मुले होती, सोटा घेतलेला गुंड्याभाऊ होता. तिथे कथानक नव्हते, घर होते. कथानक वापरले की संपते. घर रोज वापरावे लागते आणि वापरल्यानेच ते टिकते. गंमत अशी की पुढे १९७९ साली त्याच प्रभावळकर-कर्वे जोडीला घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटही निघाला. कागदातून पडद्यावर, पुन्हा कागदातून पेटीत आणि पेटीतून पुन्हा पडद्यावर, असा त्या कारकुनाचा प्रवास झाला.

मग मी अधिक चौकशी केली. शिक्षकाला अडचण आली की तो दुसऱ्या शाळांत काय चालते ते पाहतो. तिकडे अमेरिकेत २००२ साली 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' नावाचा विनोदी चित्रपट निघाला. ग्रीक घरातली मुलगी आणि बाहेरचा जावई. तिच्या गोतावळ्यात त्याची उडालेली तारांबळ, आणि शेवटी लग्न. थोडक्यात, त्यांचे 'लग्न पाहावे करून'. चित्रपट अफाट चालला. लगेच २००३ साली त्याची मालिका काढली. नायिका तीच नटी, आईबाप तेच. मात्र नायक दुसरा आणला आणि पात्रांची नावेही बदलली. सात भागांत ती आटोपली. मला त्या मंडळींविषयी फार सहानुभूती वाटली. चित्रपटातले सगळे हसू लग्न होईल की नाही या काळजीवर उभे होते, आणि मालिका लग्न झाल्यानंतरची. काळजी मिटली, हसू कशावर उभे करायचे?

पण तिकडचेच दुसरे उदाहरण उलट आहे. 'मॅश' हा कोरियाच्या युद्धातल्या लष्करी डॉक्टरांवरचा चित्रपट १९७० सालचा. त्याची मालिका १९७२ साली सुरू झाली ती १९८३ पर्यंत चालली. प्रत्यक्ष युद्ध तीन वर्षांचे, मालिका अकरा वर्षांची! मुख्य नटांपैकी एक सोडला तर बाकी सगळे नवे. मग ती चालली का? माझ्या मते, तिथली माणसे ज्या अडचणीत होती ती अडचण कोणा एकाची थाप नव्हती. रोज जखमी येणार, रोज टाके घालायचे आणि शहाणे राहण्यासाठी रोज थट्टा करायची. ती अडचण फुग्यासारखी फुटत नाही. ती संसारासारखी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात उभी असते. त्या मालिकेत आयते हसू वाजवण्याचा वाहिनीचा आग्रह होता, पण शस्त्रक्रियेच्या दृश्यांत ते वाजवायचे नाही, एवढे तरी कर्त्यांनी मिळवले. कुठे हसू नये हे कळणे, हेही विनोदाचेच शिक्षण आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर मी लिहिलेले नऊ भाग बाजूला ठेवले आणि त्या तरुण अधिकाऱ्याला फोन केला.

"थाप पहिल्याच भागात उघडी पडू द्या," मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. "सर, मग उरलेले पंचवीस भाग काय दाखवायचं?"

"सगळ्यांना सगळं कळलंय, आणि तरीही सगळ्यांना एकाच घरात राहायचं आहे. ते दाखवायचं."

"पण सर, त्यात काय होतं?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? नारळ मोजले जातात, हे फोनवर कसे सांगायचे? मी म्हणालो, "तुमचं लग्न झालंय का हो?" नव्हते झाले. पण मुलगा गुणी. त्याने वरिष्ठांशी भांडून तेरा भागांची परवानगी आणली. सव्वीसचे तेरा झाले, म्हणजे कौलांचेही निम्मे झाले. उरलेल्या छपरावर आम्ही पत्रे घातले. पावसात त्यांचा आवाज फार होतो; पण विनोदी मालिकेपेक्षा जास्त टाळ्या त्यांनाच पडतात, असे ही म्हणते.

मी पुन्हा लिहायला बसलो. घरमालकिणीची चक्कर बंद केली. तिला डोळे दिले, कान दिले आणि खोटे कळूनही न कळल्यासारखे करण्याची अक्कल दिली. त्याबरोबर ती पुन्हा गोड झाली. नायकाला थापा मारू दिल्या, पण त्या कोणालाच खऱ्या वाटत नाहीत असे केले. आणि तिच्या नवऱ्याचे एक लहानसे काम होते, त्या दोघांना मी मागच्या परसात चार माड दिले.

मालिका लागली. फार गाजली नाही. काहींना चित्रपटातले नट हवे होते. काहींना तळ्यात पडणारी मोटार हवी होती. त्यांचेही काही चुकले नाही. प्रत्येकाचे आपापले दामूअण्णा असतात आणि ते जिथे पहिल्यांदा भेटले ती संध्याकाळ असते. नवा नट कितीही चांगला असो, ती संध्याकाळ त्याला परत आणता येत नाही. त्याने दुसरी द्यायची असते. तेरा भाग झाले आणि मालिकेने निरोप घेतला.

पण पहिल्या भागाच्या रात्रीची गोष्ट सांगायची राहिली. ही आत टीव्हीसमोर गवार मोडत बसली होती. माझा काही पाहण्याचा धीर होईना. मी ओटीच्या कठड्यावर, वाडीकडे तोंड करून बसलो. नव्या लावलेल्या रोपांवर चांदणे पडले होते. वादळात पडलेल्या माडांच्या जागा अजून मोकळ्याच दिसत होत्या. आतून आवाज येत होते. मी ते ऐकत नव्हतो. मी हिच्या हसण्याची वाट पाहत होतो.

बावीस मिनिटांत ती दोनदा हसली. पहिल्यांदा हसली ते वाक्य माझे नव्हते. त्या नटीने ऐन वेळी स्वतःचे घातले होते. दुसऱ्यांदा, अगदी शेवटाकडे, आतून त्या म्हाताऱ्याचा आवाज आला, "एकशे अकरा." मग त्या बाईचा, "एकशे बारा." आणि ही मोठ्याने, भाजी बाजूला ठेवून हसली.

तेही वाक्य माझे नव्हतेच.